बोला म्हणेपर्यंत

शाळा सुरू होण्यास बरोबर अकरा आठवडे उरले असताना, एका सोमवारी सकाळी नऊ वाजता, बुकबाइंडिंगच्या कारखान्यामागील कागदाच्या गोदामात त्या वर्गाचा पहिला तास भरला. गोदामाची लांबी चाळीस फूट, रुंदी अठरा; त्यातली निम्मी जागा कोऱ्या कागदाच्या रिमांनी अडवलेली. उरलेल्या जागेत कामगारांनी जाड पुठ्ठ्यांची बैठक अंथरली होती, खिडकीच्या काचा पुसल्या होत्या आणि भिंतीवर, लहान मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक मोठे घड्याळ टांगले होते. मुले नऊ होती.

वर्ग कशासाठी, हे कारखान्यात कोणाला विचारावे लागत नव्हते. मागल्या वर्षी कामगार-वसाहतीतून सात मुले शाळेत गेली आणि पंधरा दिवसांच्या आत पाच परत आली. मुले मूर्ख नव्हती. त्यांच्या आया शिलाईच्या यंत्रांवर बसत, बाप कटिंग मशीनवर उभे राहत; त्या घरघराटात ज्याला आपले बोलणे ऐकू जावे असे वाटे त्याने ओरडले पाहिजे, हे त्या मुलांनी पाळण्यात असल्यापासून पाहिले होते. शाळेत ती तशीच बोलली: सगळी एकदम आणि मोठ्याने. वर्गात बसण्याची तयारी नाही, असा शेरा मारून मुख्याध्यापिकांनी त्यांना घरी पाठवले. शाळेचा नियम असा होता, की एकदा परत पाठवलेल्या मुलाला पुढल्या वर्षी पुन्हा एक संधी मिळे. दुसऱ्यांदाही ते नापसंत ठरले, तर त्याची रवानगी नदीपलीकडच्या निवासी शाळेत होई, आणि तेथे आईबापांना भेटीसाठी महिन्यातला एक रविवार असे.

परत आलेल्या पाचांपैकी एक सहा वर्षांची मुलगी होती. तिची आई कारखान्यात फर्मे शिवण्याचे काम करी. म्हणजे छापून, घडी घालून आलेल्या कागदांच्या जुड्या एकीला एक जोडून दोऱ्याने शिवायच्या, की त्यांचे पुस्तक होते. दिवसाला शेकडो जुड्या तिच्या हाताखालून जात आणि त्या वर्षात एकही जुडी अशी गेली नसेल, की जिच्यावर सुई टोचताना तिच्या मनात तो रविवार आला नाही. वर्षाचे बारा रविवार. रात्री मुलीच्या अंगावरचे पांघरूण सारखे करतानाही ती तेच म्हणे. बारा.

मुलीला सगळी वसाहत रेडिओ म्हणत असे. ती उठल्यापासून झोपेपर्यंत बोले. मुंगी कुठे निघाली, दोऱ्याचे रीळ गोल का, शेजारच्या काकूंच्या नाकावरचा तीळ रात्री झोपतो का. पहिल्या दिवशी आईने तिला गोदामाच्या दाराशी आणले, तेव्हा पुठ्ठे उचलायला आलेले कटिंगवाले काका तेथेच उभे होते.

"या, या, रेडिओ आला!" काका म्हणाले. "बाई, सांभाळून हं. याला बंद करायचं बटणच नाही."

"बसवून द्या तेवढं, बाई," आई हसत म्हणाली. पण तिचे डोळे हसत नव्हते. "पाया पडते तुमच्या. यंदा परत आली तर माझी पोर गेली."

"बसवू की," बाई म्हणाल्या. "त्यात काय अवघड आहे?"

या बाईंना ऑपरेटरबाई म्हणत. एकतीस वर्षे त्यांनी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली होती आणि निवृत्त झाल्यावर त्या वसाहतीच्या तळमजल्यावर राहायला आल्या होत्या. वर्गाची कल्पना त्यांची, गोदामासाठी मालकाकडे चार वेळा खेटे घातले तेही त्यांनीच. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. त्या कठोर नव्हत्या. त्यांनी एकाही मुलावर हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. त्यांच्या पिशवीत आंबटगोड गोळ्या असत आणि कोणाचे नाक वाहू लागले, तर त्या स्वतःच्या पदराने पुसत. त्यांची चूक असलीच, तर ती इतकीच, की जे एका ठिकाणी एकतीस वर्षे खरे ठरले ते सगळीकडे खरे ठरेल, असे त्यांनी मानले. असे मानणारी माणसे जगात थोडी नाहीत आणि त्यांतली बरीचशी भली असतात.

त्यांचा नियम असा होता. एका वेळी एकच लाइन. ज्याला बोलायचे असेल त्याने उजवा हात वर करायचा आणि थांबायचे. बाई "बोला" म्हणतील, तेव्हा बोलायचे. बोलून झाले की "संपलं" म्हणायचे, म्हणजे पुढच्याची लाइन मोकळी. "बोला" म्हटल्यावाचून तोंडातून शब्द निघाला, तर उठून सर्वांत मागच्या पुठ्ठ्यावर जाऊन बसायचे. शिक्षा एवढीच. मुलांना तो खेळ वाटला. पहिल्या आठवड्यात मागचा पुठ्ठा कधी मोकळा नसे; तिसऱ्या आठवड्यात तो रिकामा पडला. जेवणाच्या सुट्टीत कामगार गोदामाच्या खिडकीशी येऊन ते नवल पाहत. नऊ मुले, नऊ हात वर, आणि घड्याळाची टिकटिक ऐकू येते आहे.

"आमच्या मीटिंगला या की बाई," कटिंगवाले काका म्हणाले. "तिथं पण बसवा हे."

सगळे हसले. मुलीची आईही हसली. आपल्या मुलीचा हात सर्वांत सरळ आहे, हे तिने पाहिले होते.

पाचव्या आठवड्यात एका संध्याकाळी तिघे जेवायला बसली होती. बाप कारखान्याची गाडी चालवत असे आणि त्या दिवशी लवकर घरी आला होता. मुलीने घास अर्धा ठेवला आणि उजवा हात वर केला.

"काय गं, पंख्याला लोंबकळायचंय का?" बाप म्हणाला.

मुलगी हसली नाही. आईकडे पाहत राहिली.

"बोल," आई म्हणाली.

"पाणी पाहिजे. संपलं."

"अरे वा! बाईसाहेब!" बापाने तांब्या पुढे केला. "नाहीतर या घरात पाण्याआधी पुराण ऐकावं लागायचं. आता बघ शाळा कशी घेत नाही ते." बायकोकडे वळून तो म्हणाला, "त्या बाईंना साडी घे एखादी."

त्या रात्री बारा हा आकडा आईच्या मनात आला नाही. वर्षभरात तसे प्रथमच घडले.

यानंतर आठ दिवसांनी, सकाळी, आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून डबे भरत होती. नळ चालू होता. डब्याचे झाकण लावून ती वळली, तेव्हा मुलगी तिच्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी होती. उजवा हात वर, डोळे आईवर, आणि पायांखालची फरशी ओली. किती वेळ उभी असावी कोण जाणे. तोंड लाल झाले होते, हुंदका नव्हता.

"अगं बाई! लागली होती तर हाक मारायची ना!"

मुलीने हात खाली घेतला आणि पुन्हा वर केला.

"बोल ना आता!"

"मी हात वर केला होता. तू बघितलंच नाहीस. संपलं."

आईने फरशी पुसली, मुलीचे कपडे बदलले, तिला छातीशी धरले. मुलगी छातीशी राहिली, पण एक शब्द बोलली नाही. आणि आईच्या ध्यानात आले, की मुंगी कुठे निघाली हे या घरात कोणी विचारल्याला कितीतरी दिवस झाले. वर्षभर तिची भीती एका जागी होती: नदीच्या पलीकडे. त्या सकाळी ती अलीकडे आली आणि घरात येऊन बसली.

शिवणखात्यात जाण्यापूर्वी ती गोदामाशी गेली.

"बाई, घरात पण बोलत नाही हो ती. हात वर करून उभी राहते. आज तर..." तिने घडले ते सांगितले.

ऑपरेटरबाईंनी पिशवी खाली ठेवली. "आमच्याकडे नव्या मुली यायच्या ना," त्या म्हणाल्या, "त्या घरी नवऱ्याला पण 'नंबर प्लीज' म्हणायच्या. महिनाभर. मग सुटायचं. सवय अंगात मुरली, की आपोआप सैल होते."

"पण बाई, ती मोठी होती माणसं."

"हे बघ, नऊ दिवसांवर शाळेची भेट आली आहे. आत्ता सैल सोडलं, तर सगळंच सुटेल. मग मला बोल लावू नकोस. तूच सांग, काय करू? सांगितलंस तर आजपासून तिला मोकळी सोडते."

प्रश्न न्याय्य होता. आईने खिडकीतून आत पाहिले. मुलगी पुठ्ठ्यावर ताठ बसली होती.

"नऊ दिवस राहू द्या तसंच," ती म्हणाली.

भेट म्हणजे शाळेने ठरवलेला एक दिवस. त्या दिवशी नव्या मुलांनी शाळेत यायचे, वर्गात बसायचे, इमारत हिंडून पाहायची. मुख्याध्यापिका त्यांना न्याहाळीत आणि दुपारी प्रत्येकाच्या कागदावर शेरा लिहीत. शाळेची इमारत दुमजली, दगडी, मध्ये फरसबंद चौक. चौकाच्या कोपऱ्यात जमिनीखाली पाण्याची टाकी होती. त्या दिवशी ती साफ करायला काढली होती. लोखंडी झाकण बाजूला पडलेले, तोंडातून शिडी वर आलेली, आणि भोवती अडसर म्हणून दोन खुर्च्या आडव्या ठेवलेल्या. आया येताच शिपायाने त्यांना तिकडे बोट दाखवून सांगितले, "पोरांना तिकडं फिरकू देऊ नका हां." त्याचा हेतू चांगला होता, पण आईची नजर त्यानंतर त्या चौकोनी काळ्या तोंडावरून हलेना.

आयांना जिन्याजवळच्या बाकावर बसवले. ऑपरेटरबाई त्यांच्यात होत्या. कटिंगवाले काका दाराशी उभे होते, आपल्या नातवासाठी आले होते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मुलांना घेऊन आत गेल्या. अर्ध्या तासाने त्या बाहेर डोकावून म्हणाल्या, "काय केलंत तरी काय या मुलांना? मागच्या वर्षीचीच ना ही?" आयांनी एकमेकींचे हात दाबले.

मग मुलांना इमारत दाखवायला नेले. दहा वाजून चाळीस मिनिटांनी रांग चौकात परतली. ऑपरेटरबाईंनी सवयीने मोजले. मग पुन्हा मोजले.

"आठ," त्या म्हणाल्या.

आई उठली होती. कोण नाही, हे तिला मोजण्याची गरज नव्हती.

प्रथम कोणी घाबरले नाही. पोर आहे, वर्गात रेंगाळली असेल. शिपाई वर गेला, काका खालचे वर्ग पाहून आले. रेडिओ, ए रेडिओ! शाळेच्या गड्यांनी फाटकाबाहेर दोन्ही बाजूंनी रस्ता पाहिला. फाटक सकाळपासून बंद होते, कोणी बाहेर गेले नव्हते. अकरा वाजले. आता मोठ्या बाई स्वतः वर्गावर्गांतून हाका मारीत होत्या, त्यांच्या मागोमाग इतर आया, आणि दगडी भिंतींत ते सगळे आवाज असे मिसळत, की कोणाची हाक कुठून येते ते कळू नये. उत्तर आले नाही. इतक्या हाकांना जे मूल उत्तर देत नाही ते कुठे असू शकते, याचा विचार चौकातल्या प्रत्येकाच्या मनात एकाच वेळी आला, कारण सर्वांनी एकाच वेळी टाकीकडे पाहिले. दोन खुर्च्यांपैकी एक कलंडलेली होती.

"मघाशी माझाच धक्का लागला तिला," शिपाई म्हणाला. "वाटतं तरी." आणि त्याने बूट काढले.

टाकीत कमरेइतके गढूळ पाणी उरले होते. शिपाई शिडीने उतरला. वरून काकांनी त्याला बांबू दिला. आई टाकीच्या काठाशी गुडघ्यांवर बसली होती; तिला कोणी मागे ओढत होते, पण ती हलली नाही. खाली बांबू पाण्यातून फिरल्याचा आवाज येई. एखाद्या ठिकाणी तो थांबे. तो थांबला, की आईचा श्वास थांबे.

"गाळ आहे," खालून आवाज येई. मग बांबू पुढे जाई.

तिसऱ्यांदा बांबू थांबला, तेव्हा आईने डोळे मिटून घेतले, आणि मिटल्या डोळ्यांपुढे तिला पाणी दिसले नाही. तिला स्वयंपाकघर दिसले. नळ चालू आहे, आपली पाठ आहे, आणि मागे दोन हातांच्या अंतरावर कोणी उभे आहे.

ती ताडकन उठली.

"गप्प बसा!" ती ओरडली. कारखान्यात शिकलेला तो आवाज होता. दोन्ही मजले गप्प झाले. "हाका मारू नका कोणी. गप्प!"

चौक शांत झाला. टाकीतले पाणीही हलायचे थांबले.

"बोल," आई मोठ्याने म्हणाली. "बोल, बाळा!"

काही नाही. शाळा होती ही, घर नव्हते. आईने वळून ऑपरेटरबाईंचा दंड धरला. "तुम्ही म्हणा."

ऑपरेटरबाईंना आधी काय ते कळले नाही. मग कळले. एकतीस वर्षांत कधी अडखळली नव्हती ती जीभ टाळूला चिकटली होती.

"बोला," त्या म्हणाल्या.

जिन्याखालच्या बंद दारामागून, आया सकाळभर बसल्या होत्या त्या बाकापासून पंधरा पावलांवरून, एक बारीक, नीट आवाज आला.

"मी इथे आहे. दार बाहेरून लावलंय. संपलं."

ती नकाशांची खोली होती. टाकीसाठी दोर काढायला शिपायाने ती उघडली आणि जाताना कडी घातली. मधल्या वेळात रांगेतली एक मुलगी पृथ्वीचा गोल पाहायला आत शिरली होती. खोलीला खिडकी नव्हती. दार उघडले, तेव्हा ती दाराकडे तोंड करून, गुंडाळलेल्या नकाशांच्या मधोमध उभी होती. उजवा हात वर होता. तो वर राहावा म्हणून डाव्या हाताने तिने कोपर धरून ठेवले होते.

"देवा रे," शिपाई पुटपुटला. त्याच्या कपड्यांतून पाणी गळत होते. "दोनदा गेलो मी या दारावरून. हाका मारत गेलो."

मोठ्या बाईंनी मुलीला आपल्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवले, पाणी पाजले. आई आणि ऑपरेटरबाई टेबलाच्या अलीकडे बसल्या. या तासाभरात मोठ्या बाईंनीही आपल्या मनात बरेच काही होऊन गेलेले पाहिले होते.

"अगं, आम्ही एवढ्या हाका मारल्या," त्या मऊपणे म्हणाल्या. "ऐकू नाही आल्या?"

मुलीला उजवा हात उचलवेना. तिने तो डाव्या हाताने वर केला. मोठ्या बाईंनी ऑपरेटरबाईंकडे पाहिले.

"बोला म्हणावं लागतं," ऑपरेटरबाई खालच्या आवाजात म्हणाल्या.

"बोला."

"आल्या. मी हात वर केला होता. संपलं."

"आत अंधार होता ना? भीती वाटली?"

पुन्हा हात. पुन्हा बोला.

"वाटली. संपलं."

"मग रडलीस?"

"आवाज न करता. संपलं."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, परत घातला, आणि कागदांच्या गठ्ठ्यातून एक कागद ओढून पुढे घेतला. ऑपरेटरबाई खुर्चीत पुढे सरकल्या.

"मोठ्या बाई, लिहायच्या आधी मला सांगायचं आहे. ही मुलगी..."

टेबलाखाली आईने त्यांचे मनगट धरले. पुढले वाक्य काय आहे, हे तिला ठाऊक होते. ते खरे आहे, हेही ठाऊक होते. त्या खोलीत इतर कोणाहून ते तिला जास्त ठाऊक होते. पण ते वाक्य उच्चारले गेले, तर त्या कागदावर कोणता शेरा उमटेल आणि तो कागद नदी ओलांडून कुठे जाईल, याचाही तिने वर्षभर अभ्यास केला होता. तिने मनगट आवळले. नखे रुतली.

"आत्ता नको, बाई," ती पुटपुटली.

"काय म्हणत होतात?" मोठ्या बाईंनी विचारले.

ऑपरेटरबाईंनी आईकडे पाहिले, मग मुलीकडे. मुलीचा हात अजून वर होता. तिला आणखी काही सांगायचे होते. कोणी बोला म्हटले नाही.

"काही नाही," ऑपरेटरबाई म्हणाल्या.

मोठ्या बाईंनी टाक उचलला. "शिपायाची चूक आहे. त्याला मी बघते, त्याची तुम्ही काळजी करू नका. पण खरं सांगू? सव्वीस वर्षं मी या शाळेत आहे. काळोखात पाऊण तासाच्या वर, आणि एक किंकाळी नाही. हिच्याबद्दल मागच्या वर्षी मी काय लिहिलं होतं, ते मला आठवतं. आज ते खोडते." त्यांनी लिहिले, टिपकागद दाबला आणि कागद आईच्या पुढे सरकवला. "मुलगी शाळेसाठी पूर्ण तयार आहे."